जबड्यातली देवी

माझ्या अंगात देवी येते ही बातमी घाटकोपरच्या आमच्या डोंगरभर पसरली, तेव्हा सगळ्यांत जास्त संताप मला आला. बाकीच्यांना आनंदच झाला होता. गिरण्यांच्या संपाचं पहिलं वर्ष, चाळीतले निम्मे पुरुष घरी बसलेले, आणि अशात आमच्याकडे देवी आली, म्हणजे कुणाला तरी आपली काळजी आहे असं सगळ्यांना वाटलं. पण देवीबिवी काही नव्हती. माझा जबडा निखळला होता.

हे आता एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा तोंड आ वासलेलं, ओठाला ओठ लागत नाही, जीभ वळत नाही, अशा अवस्थेत मी कुणाला काय सांगणार?

झालं ते असं. मी तेव्हा अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. कंपनी विजेची बटणं बनवायची आणि मी दिवसभर तिचं लांबलचक नाव उच्चारायचे. दोन्ही हात बोर्डावर गुंतलेले, त्यामुळे रिसीव्हर खांदा आणि जबडा यांच्यात दाबून धरायची सवय लागली होती. बरेच महिने उजव्या कानापुढे ठणकत होतं. चपाती चावताना आत कट् असा आवाज यायचा, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाईल इतका. जांभई तर मी जीव मुठीत धरून द्यायचे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कानात घालायचे थेंब दिले, ते मी निमूट घातले. कान स्वच्छ झाला. दुखणं होतं तिथेच राहिलं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गौरीच्या दिवशी दुपारी चाळीतल्या मोकळ्या जागेत बायकांच्या फुगड्या रंगायच्या. फुगडी घुमवताना आमच्या बायका पकवा घालतात, म्हणजे तोंडाने जोरजोरात श्वास फेकत ताल धरतात. ताल चढला की भल्याभल्या गळपटतात. मी हरणाऱ्यांतली नव्हते. समोरची थकेपर्यंत सोडायचं नाही अशा ईर्ष्येने घुमत होते, आणि एका श्वासाला तोंड जे उघडलं ते मिटेचना.

दोन्ही कानांपुढे कळ उठली. मी समोरचीचे हात सोडले आणि मटकन खाली बसले. केस सुटलेले, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ आणि घशातून एकच लांब आवाज. शेजारच्या खोलीतल्या काकींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आरोळी ठोकली, "बाय इली गो! बाय इली!"

मग काय विचारता. कुणी माझे पाय धुतले, कुणी कपाळावर मळवट भरला, आणि त्यातली चिमूटभर हळद उघड्या तोंडात गेली. मला ठसका लागला तर काकी म्हणाल्या, "बघा, हुंकार दिल्यान." मला डॉक्टरकडे न्या, असं हातांनी खुणावायला गेले तर ते देवीचं घुमणं ठरलं. माणूस एकदा देव ठरला की त्याला बरं नाही हे कुणी मान्यच करत नाही.

तेवढ्यात बाबा आले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. उभी हयात साच्यांच्या धडधडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते स्वतःही ओरडूनच बोलायचे. नळावर पाय धुऊन ते आले, खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझा बाप माझ्यापुढे गुडघ्यांवर. जबड्यापेक्षा ते मला जास्त दुखलं.

"आये माऊली," बाबांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "आज तू लेकराच्या रूपान इलंस, आमी धन्य झालव. आमची गिरण बंद पडली हा. आमी साचेवाले हात बांधून बसलव. तर गिरण परत उघडतली काय, आमका कामाक घेतीत काय, ह्येचो कौल दी गे माये!"

"व्हय म्हाराजा!" मागून पुरुषांनी साथ दिली.

काकींनी माझ्या मुठीत तांदूळ कोंबले. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या अंगात आलंय त्याला झाड म्हणतात. झाडाने विचारणाऱ्याच्या पदरात तांदूळ टाकले तर होय, नाही टाकले तर नाही. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, म्हणून मी मूठ घट्ट आवळून धरली. काय वाट्टेल ते झालं तरी सोडायची नाही असं ठरवलं. पण उजव्या बाजूला अशी काही सणक आली की हात आपसूक कानाकडे गेला, आणि जाता जाता मूठ सुटली. तांदूळ बाबांच्या पंच्यात पडले.

"दिल्यान! तांदूळ दिल्यान!" एकच गलका झाला. लगोलग नारळ फुटले.

माझ्या आईला मात्र देवीपेक्षा माझं उघडं तोंड बघवेना. तिने मला बखोटीला धरून आत ओढलं, "मीट ता तोंड, सगळो गाव बघता हा," म्हणाली आणि दोन्ही हातांनी माझा जबडा खाली दाबून मागे लोटला. तिला वैद्यकी कुठली यायला, तिला फक्त लाज वाटत होती. पण आत मोठा आवाज झाला आणि तोंड मिटलं.

मी तशीच बाहेर आले. "बाबा, देवी नाय ती," मी ओरडून सांगितलं. "माझो जबडो निसाटलेलो."

बाबा हसले. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "झाडाक काय म्हायत, बाय?" ते म्हणाले.

संपला विषय. अंगात येऊन गेलं की झाडाला त्यातलं काही आठवत नाही, हे लहान पोरालाही माहीत. त्यामुळे मी जितकं ठासून नाही म्हणायचे, तितकी देवी खरी ठरायची. काकींनी तर मंगळवार नेमूनच टाकला. मी कामावरून येते तोवर दारात बायका बसलेल्या. एकीचा नवरा संपात गावी निघून गेला होता, तो कधी परतेल हे तिला विचारायचं होतं. "ताई, मला खरंच नाही माहीत," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि तिथेच बसून माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. तोंड कधी उघडतंय याची ती वाट बघत होती. मला तिचा राग आला नाही, पण अंगावर काटा आला.

हे सगळंही मी सहन केलं असतं. पण पुढे जे झालं ते सहन करण्यासारखं नव्हतं. आमच्या कंपनीत पॅकिंग खात्यात माणसं हवी होती. मी साहेबांना वडिलांबद्दल विचारलं, ते म्हणाले घेऊन ये. उड्या मारत घरी आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी साचेवालो. खोकी बांधूक जावचंय नाय."

"गिरण उघडली की सोडा नोकरी. तवसर तरी चला."

"देवीन तांदूळ दिल्यान हत," बाबा म्हणाले. "मी अंधेरीक जावन खोकी बांधूक लागलंय तर तिच्या शब्दार माझो इस्वास नाय असो अर्थ झालो."

म्हणजे बाबांना घरी बसवलं होतं ते मी. मालकांनी नाही, पुढाऱ्यांनीही नाही, माझ्या हातून सांडलेल्या तांदळांनी. ते तांदूळ त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले होते, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना हात जोडूनच ते पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचे. मी चिडले, भांडले, जेवण टाकलं. बाबा शांत. देवीवर कोण चिडणार?

शेवटी मी ठरवलं की जबडा दुरुस्त करायचा. तो औषधाने, सुईने, कशानेही जागेवर बसला की पुन्हा निसटणार नाही. निसटला नाही की देवी येणार नाही. आणि देवी आली नाही की बाबांना माझ्या तोंडचं ऐकावं लागेल. रात्रंदिवस हेच डोक्यात. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू बरी हो आदी. मगे बोल." ती बाबांसमोर माझी बाजू कधी घ्यायची नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या डब्यात चपातीऐवजी मऊ भात द्यायला सुरुवात केली.

मोठ्या इस्पितळात दातांच्या विभागात मला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, आणि बोलायला फटकळ. त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "उघड. मीट. परत उघड. काम काय करतेस?" मी सांगितलं. "रिसीव्हर हाताने धरायचा असतो, हे माहीत आहे ना?" मी म्हटलं, मला दोनच हात आहेत. त्या हसल्या, आणि तिथून आमचं जमलं.

जबड्याला कानापुढे दोन्हीकडे सांधा असतो, तो माझा सुजला होता आणि सैलही झाला होता, असं त्यांनी एक्स-रे बघून सांगितलं. आधी साधे उपाय. गरम कापडाने शेकायचं, घास लहान घ्यायचा, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, रिसीव्हर खांद्यात धरायचा नाही. फुगडी अजिबात बंद. हे सगळं मी शाळेतल्या हुशार मुलीसारखं पाळलं. निसटणं थांबलं, पण ठणका काही हटेना. मग त्या म्हणाल्या, "सांध्यात इंजेक्शन देऊ."

इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देतात एवढंच मला ठाऊक. कानापुढे, चेहऱ्यात सुई, म्हटल्यावर मी हाताने गाल झाकून घेतला. खुर्चीत आडवं करून त्यांनी माझी मान वळवली. तोंड उघडझाप करायला लावून कानापुढचा खळगा बोटाने शोधला, तिथे गार औषध फासलं. पहिली सुई बधिर करायची, ती चावली. दुसरी आत गेली तेव्हा दुखलं नाही, पण कानात कुणीतरी बोट घालून दाबतंय असं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं नव्हतं, रागाचं होतं. मनात एकच, की देवी, जा बाई आता, माझ्या बापाला सोड.

दोनेक दिवस सांधा आणखीच दुखला, उजवीकडचे दात एकमेकांना टेकेनात. हे होणार असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. मग एका सकाळी मी उठले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. दुखत नव्हतं. मी चपाती मागितली. आईने पाहिलं, काही न बोलता तव्यावरची वाढली आणि मी ती चावून खाल्ली. भाजीशिवाय चपाती इतकी गोड लागते हे मला नव्याने कळलं.

पण ती मस्ती बसमध्ये उतरली. घाटकोपरहून अंधेरीला जाताना साकीनाक्याच्या अलीकडे बस तुंबलेली, उकाडा, मला झोपेची गुंगी. जांभई आली, मूठ हनुवटीखाली न्यायची राहिली, आणि तोंड उघडं ते उघडं. कंडक्टर पुढ्यात तिकिटांची टकटक करत उभा. त्याने माझ्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय ताई, जबडा लॉक झाला काय? माझ्या मेव्हण्याचा होतो असा." त्याचे पाय धरावेसे वाटले मला. जबडा निखळलेली बाई त्याला जबडा निखळलेलीच दिसली. मी आईने केलं होतं तसं दोन्ही हातांनी जबडा खाली दाबला, मागे लोटला. दोनतीनदा करावं लागलं, पण बसवला. अंधेरीपर्यंत न जाता मधेच उतरून परतीची बस धरली आणि इस्पितळात गेले.

"ठणका गेला, सैलपणा राहिला," बाई म्हणाल्या. "तेच औषध सारखं सांध्यात घालता येत नाही. सांध्याचंच नुकसान होतं."

"मग दुसरं काही करा."

"ऑपरेशन आहे. नाहीतर एक आहे, मी वाचलंय, इथे आम्ही फारसं केलेलं नाही. तुझंच रक्त हातातून काढायचं आणि सांध्यात सोडायचं. ते आत गोठतं, मग तिथे घट्टपणा येतो आणि जबडा पुढे सरकत नाही. पण नंतर काही आठवडे तोंड बांधून ठेवावं लागेल. बोलायचं नाही, चावायचं नाही. विचार करून सांग."

"केला विचार. करा."

"अगं, गुण येईलच याची खात्री नाही देत मी."

"बाई, तुम्ही करा."

कुणाला तरी बरोबर आणायला सांगितलं होतं. आई तयार होती. पण मी घरी जाऊन बाबांपुढे उभी राहिले, "बाबा, तुमीच चला."

बाबांचा चेहरा उतरला. "देवीच्या जाग्यार सुई टोचतत?"

"देवीक लागली तर ती सांगात तुमका. माका दुकता, ता मी सांगतंय."

मग उठून त्यांनी धुतलेला सदरा घातला.

बाईंच्या टेबलावर माणसाच्या कवटीचा एक नमुना होता. बाबा तिकडे बघायलाच तयार नव्हते. "काका, घाबरू नका, प्लास्टरची आहे," म्हणत बाईंनी तिचा जबडा उघडून दाखवला, सांध्याचं टोक पुढे कसं घसरतं आणि उंचवट्यापलीकडे जाऊन कसं अडकतं ते दाखवलं. त्या हळू बोलत होत्या, म्हणून मी बाबांच्या कानाशी ओरडून सगळं सांगत होते. ओरडायला तोंड फार उघडायचं नाही, हेही सांभाळत होते. हळूहळू बाबा पुढे सरकले. यंत्र दिसलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी स्वतःच्या हाताने तो जबडा चारपाच वेळा उघडून मिटला.

"धोटो उडता तसा," ते म्हणाले. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारा, सूत वाहून नेणारा लाकडी तुकडा. पट्टी ढिली पडली की तो जागा सोडून उडतो, समोरच्याचा डोळासुद्धा जातो. "पट्टी ढिली झाली हा हिची."

"अगदी बरोबर, काका!" बाई खूश झाल्या. मीसुद्धा. मला वाटलं, जिंकले.

पण बाबांनी कवटी टेबलावर नीट ठेवली आणि म्हणाले, "पट्टी ढिली आसा ता खरा. पण त्याच दिवशी, त्याच वेळार धोटो कोणी उडवल्यान, ता खंयच्या फोटोत दिसता?"

बाईंनी हातमोजे चढवले. मी खुर्चीत जाऊन आडवी झाले. बाईंनी कोपराजवळून रक्त काढलं. ते अजून ऊन असतानाच आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सांध्यात आणि त्याच्याभोवती सोडलं. बधिर केलेलं होतं तरी कानापुढे सगळं भरून आलं, जडजड झालं. बाबा पायांशी उभे होते. त्यांनी माझा अंगठा पकडून ठेवला होता, लहानपणी गर्दीत मी त्यांचा पकडायचे तसा.

मग हनुवटीखालून डोक्यावरून पट्टी बांधली, आणि मी मुकी झाले.

कंपनीने मला तेवढे आठवडे फायली लावायला बसवलं. घरी पेज, दूध, गाळलेली आमटी, तीही ओठांच्या फटीतून. वजन उतरलं, साडीच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या. आणि काकी? काकींनी बायकांना सांगितलं, "देवीन मौन धरल्यान हा." मंगळवारी पूर्वीपेक्षा जास्त बायका आल्या. मी आत पट्टीखाली दात आवळून बसले होते. हसू आलं असतं तर सांधा दुखला असता.

त्या दिवसांत पेज मला बाबा द्यायचे. मी उत्तर देऊ शकत नव्हते, म्हणून असेल, ते खूप बोलायचे. गिरणीतल्या पहिल्या दिवसाचं, पहिल्या साच्याचं, सूत तुटलं की बोटांना आधी कसं कळायचं त्याचं. एकदा वाटी हातात तशीच धरून ते थांबले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं, पण त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "उघडतली मा गो? ह्या हातांका दुसरा काय येना नाय." मी त्यांच्याकडे बघितलं. तोपर्यंत मला वाटायचं, देवीने त्यांना अडवलंय. त्या दिवशी कळलं, देवीने त्यांना उभं धरलंय. तो आधार मी काढून घ्यायला निघाले होते. मला भीती वाटली, खरंच वाटली. पण मागे फिरायचं नाही हेही तेवढंच पक्कं होतं. खोट्या आधारावर माणूस किती दिवस उभा राहील? आणि तो आधार माझ्या दुखण्याचा होता.

पट्टी सुटली. सुरुवातीला जेमतेम एक बोट शिरेल एवढंच तोंड उघडायचं. बाईंनी व्यायाम दिले, आरशापुढे उभं राहून करायचे. हळूहळू दोन बोटं शिरायला लागली. त्यापुढे जबडा जायचाच नाही, आतून कुणीतरी लगाम ओढल्यासारखा थांबायचा. जांभया आल्या, शिंका आल्या, एकदा ऑफिसात एकाशी कडाडून भांडले. जबडा जागचा हलला नाही. मी पुन्हा बोर्डावर बसले, रिसीव्हर हातात धरून. पॅकिंगच्या साहेबांना जाऊन सांगितलं की वडील येतील, थोडं थांबा. ते म्हणाले, तू वर्षभर हेच सांगतेस. मी म्हटलं, या वेळी येतील.

पुन्हा गौरी आल्या. संप एव्हाना नावापुरता उरला होता. काही गिरण्या थोड्याशा माणसांवर सुरू झाल्या होत्या, बाबांच्या गिरणीला मात्र कुलूपच. दुपारी सगळे जमले. फुगड्या झाल्या, मी बाजूला बसून टाळ्या वाजवल्या. बायकांचं लक्ष फुगडीत नव्हतं, माझ्याकडे होतं. शेवटी काकींनी पाट मांडला, मला त्यावर बसवलं, मळवट भरला आणि मुठीत तांदूळ दिले. मी काहीही विरोध केला नाही. मला हेच हवं होतं.

बाबा पाय धुऊन आले. पंचा पसरून बसले. गाऱ्हाणं घातलं, शब्द तेच. "व्हय म्हाराजा" म्हणणारे आवाज मात्र कमी होते. गेल्या वर्षीचे कितीतरी जण गावी गेले होते.

सगळे वाट बघत राहिले. मी शांत बसून होते, तोंड मिटलेलं, श्वास सरळ. कुणीतरी खोकलं. काकी पुटपुटल्या, "ये गो माये, ये." मी मूठ उघडली, तांदूळ पुन्हा ताटात ठेवले आणि बाबांना म्हटलं, "बाबा, देवी नाय ही. मी आसंय. तुमचा चेडू. त्या वर्षी पण मीच होतंय, जबडो निखाळलेलो. आता तो बरो झालो. इस्पितळात तुमी माझ्या वांगडा होतास, तुमी बघितलास."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मंगळवारी दारात बसणाऱ्या त्या बाईसारखे वाट बघत नव्हते, कवटी बघितली होती तसे बघत होते, बारकाईने. पसरलेला पंचा तसाच हातांत होता.

"बरा," ते म्हणाले. "देवी नाय तर नाय. मगे तू सांग. गिरण उघडतली काय?"

याची तयारी मी केली नव्हती. वर्षभर मी जबड्याशी झुंजले, सुया घेतल्या, तोंड बांधून घेतलं, ते देवी नाही हे सिद्ध करायला. त्यानंतर ते मलाच विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवीने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला एकच उत्तर येत होतं.

"नाय," मी म्हटलं.

"काय म्हटलंस?" बाबांनी कानामागे हात धरला. "मोठ्यान सांग."

मी श्वास घेतला, जबडा आतला लगाम लागेपर्यंत उघडला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गिरण उघडूची नाय, बाबा!"

जबडा हलला नाही. उभ्या वर्षात पहिल्यांदाच मला वाटलं, निखळला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी पंचा गोळा केला, झटकला, नीट घडी घालून खांद्यावर टाकला. गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू बोलले की मलाच पुढे वाकावं लागलं. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अंधेरीची बस किती वाजता सुटता?"

"सात वाजता," मी म्हटलं. "मी वांगडा आसंय."